गाडीला घातलेला कोट

१३ ऑक्टोबर, रविवार

आणली! पांढरी. पांढरीच असणार म्हणा. हल्ली सगळ्या गाड्या एक तर पांढऱ्या नाहीतर राखाडी, दवाखान्यातल्या कपाटांसारख्या. कुबातने बिश्केकहून चालवत आणली. जावई असला तरी माणूस चांगला आहे, गाड्यांतलं मात्र त्याला काडीचं कळत नाही. लेक सायकाल शेजारी बसलेली — चेहरा असा, जणू गाडी नाही, विमान उतरवलंय अंगणात.

चिनी आहे. पेट्रोलवरही चालते, बॅटरीवरही. म्हणजे दोन नवऱ्यांची! हे मी मोठ्याने बोललो. बुरुलने दंडाला असा चिमटा काढला की अजून वळ आहे. एवढी वर्षं झाली लग्नाला, बायकोचा चिमटा काही सैल होत नाही.

फाटकातून आत आली तेव्हा आवाजच नाही. मी पाठमोरा उभा होतो. वळून बघतो तो कमरेपाशी येऊन ठेपलेली! गाडीने कसं, दारात यायच्या आधी खाकरावं. माझी ऑडी पुलापलीकडे असते तेव्हाच बुरुल चहा टाकते. ही येऊन तुमच्या पाठीला लागली तरी पत्ता नाही. कोल्हीण मेली!

दाराला कडी नाही. कडी पोटात गेलेली, जवळ गेलं की बाहेर येते — तिच्या मनात आलं तर. उणे तीसमध्ये येईल का मनात? कुबात म्हणतो (लेकीसारखा तोही आम्हाला आके-आपा म्हणतो, बाबा-आई), "आके, येते हो. सगळा विचार केलाय त्यांनी." त्यांनी! त्यांच्या गावात आमच्या नारीनचा जानेवारी असतो का, हे विचारलं तर हसला नुसता.

आत बटणं नाहीत. एक भलामोठा पडदा, त्यावर सगळी अक्षरं चिनी. हीटर लावायचा तरी बोट लावून शोधायचा. मी म्हटलं, पुढच्या गाडीत स्टिअरिंगही पडद्यावर रंगवून देतील.

मेंढा कापला. नव्या गाडीला रक्त दाखवायचं असतं, नाहीतर ती आपलं आपण घेते — असं आमच्याकडे म्हणतात. बुरुलने बोटं बुडवून चारी चाकांना लावलं, मग गाडीच्या नाकाला, पुढच्या जाळीवर. तेवढ्यात कुबात झेपावलाच! "आपा, तिथे नको!" आणि खिशातला रुमाल काढून पुसून टाकलं. सगळ्यांसमोर. बुरुलचा चेहरा एवढासा झाला. बिश्केकला जाऊन शिकला काय, रक्ताची लाज वाटायला लागली याला!

चाकांवरचं राहिलं, नाकावरचं पुसलं. असं अर्धवट करू नये. मनात पाल चुकचुकली.

२० ऑक्टोबर

ओरोजबेकच्या टायरच्या दुकानात बैठक. तोच लोखंडी स्टोव्ह, तीच काळी किटली, तीच भांडणं. मी म्हटलं, गाड्यांचे चेहरे बघितलेत का हल्ली? सगळ्यांचे डोळे बारीक, तोंडं वासलेली, जणू रस्त्यावर कुणालातरी मारायलाच निघाल्यात. पूर्वीच्या गाडीचं तोंड कसं, कुणीतरी घरी बोलावल्यासारखं. गोल दिवे, सरळ नाक. आणि अंग बघा यांचं! एका माणसाला दूध आणायला जायला दोन टनांची गाडी! नाकापेक्षा मोती जड.

पांढरीत स्टेपनीच नाही. मी डिकीतला गालिचा उचलून बघितला. स्टेपनीच्या जागी एक बाटली आणि एक पंप. डोलोनच्या घाटात टायर फाटलं की बाटलीतून काय पाजायचं त्याला, घोडीच्या दुधाचं कुमीस?

ओरोजबेक म्हणतो, "मुकाश, तुझी ऑडी नवी होती तेव्हा तुझा बाप हेच बोलायचा. याच स्टोव्हपाशी."

बापाचं वेगळं होतं. बाप घोड्यावरून उतरलाच नव्हता कधी.

२७ ऑक्टोबर

सायकाल कोचकोरच्या दवाखान्यात लहान मुलांची डॉक्टर आहे. आठवड्यातून दोनदा घाट चढून पलीकडे जाते. त्यासाठीच ही गाडी. इतके दिवस ती भाड्याच्या गाड्यांतून जायची — कोण चालवतोय, किती झोपलाय, काही कळायचं नाही. तेव्हा मला घोर लागायचा. आता स्वतः चालवते तर दुप्पट लागतो. एकच लेक. तिला मीच शिकवली ऑडीवर, नदीकाठच्या खड्यांत. क्लच सोडताना पाय थरथरायचा तिचा. पण हात शांत. डॉक्टरचे हात तेव्हाही.

पांढरीला क्लचच नाही.

३ नोव्हेंबर

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

आज सायकालबरोबर कोचकोरला गेलो, तिच्या गाडीतून. म्हटलं बघू तरी. येताना घाटमाथ्यावर धुकं. असं तसं नाही — बोनेट दिसेना. मी म्हटलं, हळू. ती हळूच होती. आणि एकाएकी गाडीने स्वतःच ब्रेक मारला! सायकालचा पाय नव्हता तिथे, मी बघितलं. माझं कपाळ पुढे, हातातला चहा मांडीवर. मी ओरडलो, "वेडी झालीये ही! रस्ता मोकळा आहे!"

मग धुक्यातून एक घोडी आली. तिच्यामागे शिंगरू. मग सगळा कळप, काचेला अंग घासत, निवांत.

सायकाल म्हणाली, "आके, तिला दिसली."

"कुठून दिसली? तो काचेवरचा डोळा आहे, कॅमेऱ्याचा, त्यालाही धुकंच दिसत असणार की."

"तिला धुक्यातूनही दिसतं."

"डाकीण आहे काय!"

ती हसली. मला हसू आलं नाही. मी पन्नास वेळा म्हणत आलोय की गाडी चालवणाऱ्याच्या हातात असावी. आज माझ्या हातात असती तर ते शिंगरू मेलं असतं. हे खरं आहे. पण सायकाल आता धुक्यात डोळे फाडून बघायची थांबेल — हेही खरंच ना? यंत्र बघतंय म्हटल्यावर माणूस कशाला बघेल? मला त्या शिंगरापेक्षा याचीच भीती वाटते.

बुरुलला सांगितलं नाही. मांडी भाजली ती चुलीपाशी असं सांगितलं.

४ नोव्हेंबर

मांडीला फोड.

१७ नोव्हेंबर

बर्फ बसला. आता एप्रिलपर्यंत उठत नाही.

कुबात सांगत होता, रात्री गाडी आपोआप काहीतरी शिकते म्हणे. आकाशातून नवी अक्कल उतरते तिच्यात, आणि सकाळी ती थोडी वेगळी चालते. मला हे आवडलं नाही. संध्याकाळी एक गाडी बांधली आणि सकाळी दुसरीच सोडली! माझी ऑडी तेहतीस वर्षं तीच आहे. तिचा खोकला मला ठाऊक, तिचं दुखणं ठाऊक. बोनेट उघडलं की सगळं दिसतं, हात घालता येतो. पांढरीचं बोनेट उघडलं तर आत काळं प्लास्टिकचं झाकण! कुबात म्हणाला, "आके, त्याला हात नाही लावायचा." लावायचाच नाही तर उघडतं कशाला?

आणि बोलते किती! पट्टा लावा — टिंग. दार उघडं — टिंग. रेषा ओलांडली — टिंग टिंग. घरात एक बुरुल पुरे होती.

सायकालला सांगितलं, गाडी बोलते तेव्हा आपण रस्त्याकडे बघायचं, पडद्याकडे नाही. तिचं तिला बडबडू दे. पटलं तिला.

१ डिसेंबर

उणे चोवीस. सायकाल घाटातून आली ती बोटं निळी. म्हणते, उतारावर हीटर गार फुंकतो, इंजिन मधेच झोपतं ना. गाडीने इंजिन झोपवायचं! उणे चोवीसमध्ये! माणसापेक्षा पेट्रोल महाग झालं हिला. ओव्हनसारखी ऊब देणारी माझी म्हातारी ऑडी अंगणात उभी आणि डॉक्टरीण बाई निळी बोटं घेऊन घरी. कानामागून आली आणि तिखट झाली ही पांढरी.

कुबातला म्हटलं, तिला कोट घाल. आमच्याकडे पहिल्या हिमानंतर प्रत्येक गाडीला कोट घालतात — बोनेटखाली नमदा, लोकर कुटून केलेला जाड, आणि पुढच्या जाळीमागे पुठ्ठा किंवा नमद्याचा तुकडा, म्हणजे वाऱ्याने इंजिन गारठत नाही. पोरंटोरंही जाणतात. कुबात म्हणतो, "नाही आके, हिला नको. हिला आतून जाळी मिटता येते. काही घालू नका पुढे, बरं का."

बरं का! जावई मला बरं का म्हणतो.

१० डिसेंबर

उणे एकतीस. नदी धुरासारखी वाफाळते. झाडं पांढरी, कुत्र्याच्या मिश्या पांढऱ्या.

सायकाल उद्या सकाळी कोचकोरला. चार दिवस तिकडेच, रविवारी परत. दवाखान्यात न्यूमोनियाची मुलं भरलीत म्हणते.

सकाळपासून दोनदा फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आलो. कारण काही नाही. कारण नसतं तेव्हाच वाईट.

कोट घातला. जावयाला विचारलं नाही. तो कामावर होता, सायकाल झोपली होती. बुरुलच्या आईचा जुना शिरडाक आहे ना, नमद्याचा गालिचा, निळ्या-तांबड्या मेंढ्याच्या शिंगांच्या नक्षीचा, कसरीने खाल्लेला — त्याच्या कडेचा हातभर तुकडा कापला. बुरुलला वाटलं ऑडीसाठी. तिने तरी शिव्या दिल्याच, आईची नक्षी ती! पांढरीचं बोनेट उघडून जाळीच्या मागे सारला, तारेने दोन बाजूंना बांधला. बाहेरून कळतही नाही. लोकर चांगली घट्ट, वारा जाणार नाही. मग त्या प्लास्टिकच्या झाकणावर एकदा हात ठेवला. म्हटलं, हे बघ, तू मला आवडत नाहीस. पण माझी लेक आहे तुझ्या पोटात. ऊब दे तिला.

मूर्ख म्हातारा, गाडीशी बोलतो. बोललो खरा.

११ डिसेंबर

गेली. फाटकाबाहेर पडते न पडते तोच गाडीने टिंग केलं, पडद्यावर पिवळं चिन्ह आणि दोन ओळी चिनी. सायकाल थांबली. "मागे एकदा चिखलाने झालं होतं असं. कुबातने पुढे पुसलं आणि गेलं." मी पुढे जाऊन बघितलं, बाहीने नाक पुसलं. स्वच्छ होतं. मी म्हटलं, "काही नाही, थंडीने कुरकुरतेय. जा तू." तिने खिडकीतून माझ्या हाताची पापी घेतली. लहानपणी घ्यायची तशी.

संध्याकाळी फोन: "आके, पोचले. आज काय ऊब होती गाडीत!"

बघा! अक्कल आकाशातून उतरत नाही नेहमी. कधी कधी म्हाताऱ्याच्या कात्रीतूनही येते. बुरुलला सांगावंसं वाटत होतं, पण नक्षीवरून पुन्हा भडकली असती.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळपासून धुकं. गावातच हे, तर घाटात काय असेल! ओरोजबेककडे घाटातून उतरलेला एक ट्रकवाला आला होता. म्हणतो, माथ्यावर हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत, आणि खाली काच झालेला बर्फ.

सायकाल दुपारी निघणार. फोन केला, उद्या ये म्हटलं. ती म्हणते, "आके, परवा पुन्हा इथे ड्यूटी आहे, आज आले तरच घरी एक दिवस मिळेल. आणि काळजी करू नका, गाडी बघते." हेच! हेच मी म्हणत होतो! गाडी बघते!

ओरोजबेकला सांगितलं, मी माथ्यावर जाऊन थांबतो. ऑडीचे दिवे लावून ठेवतो, ती आली की पुढे मी, मागे ती, असं उतरवतो खाली. घोड्यांना नाही का, अवघड जागी जाणता घोडा पुढे ठेवतात. ओरोजबेक म्हणाला, "अरे, तिच्या गाडीला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं. तू कशाला कडमडतोस?" म्हटलं, यंत्राच्या भरवशावर लेक सोडू?

बुरुल दारात उभी. म्हणते जाऊ नका. दुसरं काहीच म्हणत नाही, नुसतं जाऊ नका.

थर्मास, टॉर्च, दोर घेतला. ऑडी पहिल्या सेल्फला चालू झाली. निघतो.

२४ डिसेंबर

डाव्या हाताने लिहितोय. नारीनचा दवाखाना. उजवा हात प्लास्टरात. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. नाही म्हणजे नाही. पांघरूण तिथे सपाट आहे.

माथ्यावर, नारीनकडचा उतार सुरू होतो तिथे, ऑडी कडेला लावली होती. दिवे दहा पावलांवर विरत होते. म्हटलं, ही पांढरी न बघताच पुढे निघून जाईल. म्हणून टॉर्च घेऊन रस्त्यावर उतरलो. मधोमध. टॉर्च हलवत होतो. इंजिनच्या आवाजासाठी कान लावले होते. आयुष्यभर कानांवरच चाललो मी. उतारावर तिचं इंजिन झोपतं हे विसरलो. आवाज आलाच नाही. धुकं थोडं उजळलं, एवढंच.

३१ डिसेंबर

सगळ्यांना सांगतोय — डॉक्टरांना, नर्सला, बाजूच्या खाटेवरच्याला. बघा तुमची गाडी! घोडी दिसली हिला, शिंगरू दिसलं, मी नाही दिसलो! फुशारक्या मारतात, डोळा आहे, धुक्यातून दिसतं. ऐनवेळी आंधळी! मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. ओरोजबेक आला होता, मान खाली घालून बसला. या खेपेला माझ्या बापाची गोष्ट काढली नाही त्याने.

रागाने बरं वाटतं. राग आहे तोवर पाय दुखत नाही.

सायकाल रोज येते. माझी नखं कापते, सूप भरवते. आज एवढंच म्हणाली, "आके, मला टॉर्च दिसला होता. क्षणभर आधी दिसला. मला वाटलं, ती थांबवेल. मी वाट बघितली तिची."

मी म्हटलं, तुझी चूक नाही. त्या यंत्राची.

"पाय माझा होता ना तिथे. मी नाही दाबला."

ती बाहेर गेल्यावर कुबातने सांगितलं — तिने दवाखान्यात लिहून दिलंय. कामावर जात नाही. तिकडची मुलं, न्यूमोनिया, सगळं सोडलं. म्हणते, या हातांचा आता भरवसा नाही, मुलांना लावणार नाही. वडिलांचं ज्यांनी असं केलं ते हात.

माझी पोर! खड्यांत क्लच सोडताना न थरथरणारे हात तिचे!

१ जानेवारी

कुबातला बोलावून घेतलं. म्हटलं, ती गाडी बिश्केकला घेऊन जा. चांगल्या वर्कशॉपमध्ये खोल. स्क्रू न् स्क्रू खोल. काय बिघडलं होतं ते शोधून काढ आणि सायकालच्या समोर ठेव. तिला डोळ्यांनी दिसू दे की दोष तिचा नव्हता. यंत्राचं पाप उघड्यावर आलं पाहिजे.

तो म्हणाला, "बरं आके." या वेळी 'बरं का' नाही म्हणाला.

६ जानेवारी

कुबात आला. दार लावून घेतलं. पिशवीतून काढून पांघरुणावर ठेवला — नमद्याचा तुकडा. भिजून, गोठून, पुन्हा वाळून फळीसारखा कडक झालेला. निळी-तांबडी शिंगं. दोन्ही टोकांना माझ्या हाताच्या तारेच्या गाठी.

"काचेवरचा डोळा धुक्यात कामाचा नाही, आके. धुक्यातून बघणारा खालचा. जाळीच्या मागे. त्या दिवशी आपा रक्त लावत होत्या, तिथे. हा त्याच्यावर बर्फ धरून बसला होता." दार लागलंय ना ते पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "सायकालला दाखवलेलं नाही. तुम्ही म्हणाल तर कधीच दाखवणार नाही."

त्याला घरी पाठवलं. तुकडा ठेवून घेतला.

व्हरांड्यात सायकालची पावलं वाजतायत, सूप आणतेय. तुकडा उशाखाली घातला होता, तो पुन्हा काढला. पांघरुणावर ठेवलाय, जिथे पाय नाही तिथे. गाठी वर करून.